भांगाची रुंदी

शंभर पुरुष आरोहीला अडीच महिन्यांत मिळाले. त्यासाठी फारसं काही करावं लागलं नाही. ओपीडीच्या दारावर तिने एक कागद चिकटवला, ‘केस विरळ होत असल्यास मोफत तपासणी’, आणि पुरुष आपणहून आत यायला लागले. खुर्चीत बसायचे, टोपी काढायचे, डोकं पुढे करायचे आणि म्हणायचे, “बघा मॅडम, काय उरलंय ते.” कुणाचे केस हेल्मेटने गेले होते, कुणाचे बोअरच्या पाण्याने. एकाने तर बायको शेजारी बसलेली असताना लग्नाचं कारण दिलं. आरोही हसत हसत फॉर्म भरायची.

ती नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजात त्वचाविकार विभागात एमडी करत होती. प्रबंधाचा विषय होता पुरुष आणि बायका, दोघांनाही ठरावीक नमुन्याने पडणारं टक्कल आणि त्याच्याशी कोणकोणत्या गोष्टी जोडलेल्या असतात. पुरुषांचं कपाळ कोपऱ्यांतून मागे सरकत जातं, टाळूवर चंद्र उगवतो. बायकांचं तसं होत नाही. कपाळावरची केसांची रेघ जागच्या जागी राहते आणि भांग मात्र वर्षागणिक रुंद होतो. वय, घराणं, विडी-तंबाखू, रक्तदाब, साखर, पोटाचा घेर, पाळीच्या तक्रारी, झोप, अंगातलं लोह, असं सगळं विचारणारा चार पानी फॉर्म आरोहीने तयार केला होता. शंभर पुरुष हवे होते आणि शंभर बायका.

बायकांपाशी गाडं अडलं. सात महिन्यांत चौतीस झाल्या.

बायका येत नव्हत्या असं नाही. मुरुमांसाठी यायच्या, वांगासाठी, गजकर्णासाठी यायच्या. टेबलापलीकडे बसलेल्या बाईचा भांग आरोहीला इकडून दिसायचा. हळूच विषय काढला की बाई ओढणी पुढे घ्यायची.

“नाही हो, माझे केस चांगले आहेत. बाळंतपणात थोडे गेले, येतील परत.”

बाळंतपण कधीचं म्हणून विचारलं तर मुलगा बारावीला निघायचा.

तिच्या मार्गदर्शक उज्वला मॅडम स्वभावाने रोखठोक होत्या. एका दुपारी त्यांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाल्या, “आरोही, दोन महिने राहिलेत. विषय बदलून घे. फक्त पुरुष ठेव.”

“मॅडम, मग अर्धंच उत्तर मिळेल.”

“अर्धं उत्तर वेळेवर दिलेलं बरं. पूर्ण उत्तराची वाट बघत बसलीस तर वर्ष जाईल.”

“थोडे दिवस द्या ना.”

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “दीड महिना,” त्या म्हणाल्या.

आरोहीने त्यांना एक गोष्ट सांगितली नव्हती. तिने ती कुणालाच सांगितली नव्हती. रोज सकाळी हॉस्टेलच्या खोलीत दार लावून ती भांगावर तपकिरी पावडर थापायची. केसांच्या रंगाची, खास त्याच कामासाठी मिळणारी पावडर. चोविसाव्या वर्षी तिचा भांग रुंद व्हायला लागला होता आणि आता ती एकोणतीस वर्षांची होती. तिचे वडील शेखर गतीर इगतपुरीला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, तिशीतच टक्कल पडलेले, आणि त्या टकलाला रोज सकाळी खोबरेल लावून चमकवणारे गृहस्थ होते. सगळे म्हणायचे, पोरीने केस आईचे घेतले हे नशीब. पावसाळ्यात आरोही घरी जायचं टाळायची. इगतपुरीच्या पावसाला छत्री पुरत नाही, आणि एकदा ती स्टेशनवरून घरी पोचेपर्यंत कपाळावर तपकिरी ओघळ आले होते. आईला तिने चिखल उडाला म्हणून सांगितलं.

मॅडमनी दीड महिना दिला त्याच्या तिसऱ्या दिवशी फकिरा आला.

फकिरा साठीचा, नामपूरचा, कांद्याचा टेम्पो चालवणारा. कमरेला गजकर्ण झालं म्हणून आला होता. डोकं असं तुळतुळीत, की दारात उभा राहिला तेव्हा ट्यूबलाइट त्यात दिसली. मलमाची चिठ्ठी घेतल्यावर त्याने दारावरचा कागद वाचला आणि परत खुर्चीत येऊन बसला.

“माझं पण लिहून घ्या की.”

“मामा, पुरुष शंभर पूर्ण झाले.”

“एकशे एक शुभ असतात, मॅडम.”

आरोहीने हसून नवा फॉर्म काढला. चोविसाव्या वर्षी केस जायला लागले, असं त्याने सांगितलं. विडी नाही, तंबाखू होती ती सोडली. मग तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे नव्वद आला, खालचा एकशे दहा. तिने पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. तेच.

“डोकं दुखतं का मामा? सकाळी वगैरे?”

“ते तर दुखतंच. ऊन लागतं ना थेट.”

लवकर टक्कल पडणाऱ्यांमध्ये रक्तदाब आणि साखर जरा जास्त आढळते, असं काही अभ्यासांत आलं होतं. त्यासाठीच तर तो रकाना फॉर्मात होता. पण रकान्यात आकडा लिहिणं वेगळं, आणि समोरचा माणूस उद्या पहाटे कांदा भरून घाट उतरणार आहे हे कळणं वेगळं. आरोही स्वतः त्याला वरच्या मजल्यावर औषध विभागात घेऊन गेली. ईसीजी निघाला, गोळ्या सुरू झाल्या, आठ दिवस टेम्पो बंद.

खाली येऊन उरलेला फॉर्म भरताना तिने विचारलं, “बहिणी किती?”

“एकच. माझ्यापेक्षा मोठी. लंकाबाई.”

“त्यांचे केस कसे आहेत?”

फकिराने स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. मग म्हणाला, “बाई, खरं सांगू? लग्न झाल्यावर मी तिचं डोकं पाह्यलंच नाय. पदर कधी खाली यीतच नाय तिचा. भाऊबीजेला ओवाळती, तेव्हाबी नाय.”

पंधरा दिवसांनी तो दाखवायला आला तेव्हा रक्तदाब बराच खाली उतरला होता. हातात कांद्याची पिशवी होती आणि फोन चालूच होता. “घ्या, बोला,” म्हणून त्याने फोन टेबलावर ठेवला.

पलीकडून खणखणीत आवाज आला. “डॉक्टरीण का तू? मी लंकाबाई, फकिराची बहीण. टकलापायी माझा भाऊ वाचवला म्हने तू.”

“मी फक्त पट्टा बांधला, मावशी.”

“तो पट्टा घेऊन इकडं ये. माझ्याकडं चाळीस बाया हायत. कुनाची चक्कर, कुनाचं डोकं. त्यायला कोन पट्टा बांधनार? आन् हा सांगतो, तुला बायांची डोकी बघायची हायत. त्यायची डोकीबी दाखवते तुला.”

नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे जिथे कांदा निवडून गोण्या भरतात तिथे, लंकाबाई मुकादमीण होती. तिचा शब्द खळ्यावर चालायचा. आरोही धावत मॅडमकडे गेली.

“बाहेर जाऊन तपासायचं तर कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी लागते,” मॅडम म्हणाल्या. मग टेबलावरचा पेन उचलला. “ती मी आणते. तू बायका आण.”

दसरा झाल्यावरच्या रविवारी पहाटे आरोही ठक्कर बाजार स्टँडवरून एसटीत बसली. सोबत दिशा होती, विभागातली इंटर्न, मूळची सटाण्याची. तिला अहिराणी येत होती आणि आरोहीला अजिबात येत नव्हती, म्हणून तिला घेतलं होतं. पिंपळगाव गेलं, देवळा गेलं, सटाण्यात गाडी बदलली. नऊच्या सुमाराला त्या मोसम नदीचा पूल ओलांडून नामपुरात उतरल्या. फकिरा स्टँडवर हजर होता.

खळ्यावर सुट्टी होती तरी कांद्याचा वास जागच्या जागी होता. पत्र्याच्या उंच शेडखाली बारदानं अंथरली होती आणि त्यांवर चाळीसेक बायका दोन रांगा करून बसल्या होत्या. सगळ्यांचे पदर डोक्यावर. पुढे लंकाबाई उभी होती, उंच, सडपातळ. हिरव्या लुगड्याचा पदर हनुवटीखाली मुठीत धरलेला.

बाहेर तेवढेच पुरुष जमले होते. त्यांना आपापली डोकी दाखवायची होती. फकिराने शटर अर्धं ओढलं आणि ओरडला, “गड्यांची भरती संपली! शंभर आन् एक झाले! घरी जा!”

दिशाने अहिराणीत सगळं समजावून सांगितलं. कशासाठी बघायचं, काय विचारायचं, नाव कुठे छापणार नाही, नको वाटलं तर नाही म्हणा. बायका ऐकत होत्या, पण त्यांचे डोळे दिशाच्या वेणीवर होते. वेणी मनगटाएवढी जाड होती आणि कमरेखाली लोंबत होती.

पहिल्या रांगेतली अक्काबाई शेजारणीला म्हणाली, “हिले काय समजी? हिनी वेणी दख.”

रांगभर खसखस पिकली. आरोहीला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला.

रक्तदाब मोजून घ्यायला मात्र झुंबड उडाली. साखरेसाठी बोट टोचून घ्यायलाही बायका तयार होत्या. तासाभरात पंचवीस जणींचे आकडे लिहून झाले. गप्पा रंगल्या. नवसाबाई नावाची एक ठेंगणी, हसरी बाई म्हणाली, “मॅडम, मोबाइलमधी दाखवत्यात कांद्याचा रस लावला की केस येत्यात. खरं का?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“आम्ही वीस वर्सं कांद्यातच हाव. खरं असतं तर आमच्या तळहातावर जटा आल्या असत्या!”

सगळं खळं हसलं. हसता हसता आरोही म्हणाली, “मग बघू या का डोकी?” आणि हसू थांबलं. कुणाला पाणी प्यायचं होतं, कुणाचं पोर घरी रडत होतं. एकीनेही पदराला हात लावला नाही.

लंकाबाई चिडली. “अगं बायांनो, ती पोरगी पहाटेपास्नं निघाली. दोन मिन्टं पदर काढला तर काय आभाळ कोसळंल?”

“मंग तूच काढ ना मावशी पहिले,” नवसाबाई म्हणाली.

लंकाबाईने पदर आणखी पुढे ओढला. हनुवटीखालची मूठ घट्ट झाली. “मी पानी पिऊन येते,” असं म्हणून ती शेडच्या टोकाला असलेल्या रांजणाकडे गेली.

आरोही तिच्या मागे गेली. लंकाबाईने पेला भरला, पण प्यायली नाही. चाळीस बायकांना धाकात ठेवणारा तिचा आवाज एकदम लहान झाला होता. “तुम्हा शिकलेल्या पोरींचं बरं असतं,” ती म्हणाली. “तुझे चांगले हायत ना?”

“हो” म्हणणं सोपं होतं. गेली पाच वर्षं आरोही तेच म्हणत आली होती. तिने सात महिने बायकांना, ‘लाजू नका, यात लाजण्यासारखं काही नाही,’ असं सांगितलं होतं, आणि सांगताना तिच्या स्वतःच्या भांगात पावडर होती. तिला त्या क्षणी त्याची लाज वाटली. खिशातला रुमाल काढून तिने रांजणाच्या पाण्यात बुडवला, पिळला, आणि परत बायकांसमोर येऊन उभी राहिली.

“हे बघा,” ती म्हणाली आणि भांगावरून रुमाल फिरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात. पांढरा रुमाल तपकिरी झाला. तिने मान खाली घातली, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल.

दिशाने तोंडावर हात ठेवला. तिलाही माहीत नव्हतं.

“चोविसाव्या वर्षापासून आहे,” आरोही खाली मान घालूनच म्हणाली. “रोज सकाळी लपवते. आई-वडिलांनाही माहीत नाही.”

कुणीतरी जवळ आलं. डोक्याला कांद्याने खरखरीत झालेलं बोट लागलं. लंकाबाईने आपलं बोट तिच्या भांगात आडवं ठेवून बघितलं.

“एक बोट,” ती म्हणाली. मग हळूच, “बठ, माय.”

आरोही बारदानावर बसली. लंकाबाई तिच्यासमोर बसली, आणि जसं एखादं काम करून टाकायचं ठरवतात तसा तिने पदर मागे टाकला. आत घट्ट बांधलेला सुती रुमाल होता. तो सोडला. खाली खोट्या केसांचं गंगावन होतं, दोन काळ्या आकड्यांनी कसंबसं अडकवलेलं. तेही काढून तिने मांडीवर ठेवलं. कपाळावर पांढऱ्या केसांची नाजूक झालर होती, कानांमागे थोडे केस होते आणि मधला सगळा भाग लहान बाळाच्या टाळूसारखा मऊ, पिवळसर, उघडा होता. तीस-चाळीस वर्षं ऊन लागलं नव्हतं त्या कातडीला.

बायका माना उंचावून बघायला लागल्या. मग अक्काबाई भाबडेपणाने म्हणाली, “मावशी, तू आन् फकिरामामा जुळेच दिसता की!”

पहिली लंकाबाईच हसली. असं हसली की तिला ठसका लागला, आणि मग चाळीस जणींचं हसू पत्र्यावर आदळलं. नवसाबाईने डोळे पुसत पदर काढला. “घ्या, माझं घ्या. माझा भांग म्हणजे सटाना रोड झालाय.” तिच्या शेजारणीने काढला. त्यापुढच्या दोघींनी काढला. थोड्याच वेळात खळ्यावर एकही डोकं झाकलेलं नव्हतं, आणि बायका एकमेकींच्या डोक्यात डोकावत होत्या, बोटं आडवी घालून मोजत होत्या, “तुझं दीड बोट, माझं एकच,” म्हणून भांडत होत्या.

आरोही दिव्याचं भिंग घेऊन एकेकीचं डोकं बघत गेली. सगळ्यांचं दुखणं एक नव्हतं. दोघींना बुरशी होती, ती गोळ्यांनी जाणार होती. तिघी-चौघींचे केस अंबाडा फार ओढून बांधल्याने कडेने गेले होते. आठ जणींच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक होत्या. त्यांना आधी लोहाच्या गोळ्या हव्या होत्या. पण सव्वीस जणींचा नमुना तोच होता, तिच्या स्वतःसारखा. दिशा फॉर्म भरत होती. “आईचे केस कसे होते? वडिलांचे? पाळी वेळेवर यायची का?” आणि आता बायका उत्तरं देत होत्या, विचारलेली आणि न विचारलेलीही.

लंकाबाईचा फॉर्म आरोहीने स्वतः भरला.

“कधी सुरू झालं, मावशी?”

“एकतिसाव्या वर्साला. सासू म्हनली, ओल्या केसानं झोपतीस म्हनून. जाऊ म्हनली, देवीचा नवस राह्यला म्हनून. मी नवस फेडला, ओल्या केसानं झोपनं सोडलं. तरी गेलेच.” तिने मांडीवरच्या गंगावनावरून हात फिरवला. “मालकाला ठाऊक होतं. ते कधी बोलले नाय, मी कधी बोलले नाय. पन दर वर्साला जत्रेतून नवं गंगावन आनायचे. मी मागितलं नसलं तरीबी. गुपचूप ट्रंकेत ठेवून द्यायचे.”

आरोहीने ‘एकतीस’ लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“चूक काय झाली माझी? तेवढं सांग,” लंकाबाई म्हणाली.

“काहीच नाही. तुमच्या आणि फकिरामामांच्या अंगात हे एकाच घरातून आलंय. आईकडून येतं, वडिलांकडूनही येतं, दोन्हीकडून मिळूनही येतं. त्यात वय, शरीरातली संप्रेरकं, असं बाकीचं जोडलं जातं. तंबाखू, रक्तदाब, साखर यांचाही संबंध दिसतो, तोच आम्ही मोजतोय. ओल्या केसांचा आणि देवीचा काही संबंध नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

लंकाबाईने मांडीवरचं गंगावन बाजूला ठेवलं. मग तिने मान मागे टाकली, पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन टाळूवर घेतलं आणि म्हणाली, “लय हलकं वाटतंय गं.”

तिने औषधाचंही विचारलं. आरोहीने खरं तेच सांगितलं. तरुण बायकांनी औषध रोज, महिनोन्‌महिने लावलं तर गळणं थांबतं, थोडे केस दाटही होतात. पण इतक्या वर्षांपूर्वी गेलेले फारसे परत येत नाहीत. लंकाबाईला त्याचं काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. “मंग त्या पोरींना दे. मला काय आता लग्नाला उभं राह्याचंय?”

दुपारी फकिराने शटर वर केलं. बायकांसाठी भजी आणि चहा आणला होता. तो आत आला आणि बहिणीसमोर येऊन थबकला. लंकाबाईचा हात पदराकडे गेला, पण अर्ध्यातच थांबला.

फकिरा बघतच राहिला. हातातली भज्यांची परात कलंडायला आली तशी नवसाबाईने ती पकडली.

“काय बघतो रे?” लंकाबाईने दरडावलं.

“आबा दिसले,” फकिरा म्हणाला. आबा म्हणजे त्यांचे वडील. “हुबेहूब आबा. तू आधी का नाय दाखवलं? मला एकट्यालाच आबांचं आलं म्हनून मी किती दिवस रडलो होतो, केस गेले तेव्हा.”

तो खाली बसला आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. लंकाबाईने त्याचा हात झटकला, पण लगेच नाही.

परतीच्या बसमध्ये दिशा खिडकीला डोकं टेकून झोपली. आरोहीच्या मांडीवर फॉर्मचा गठ्ठा होता आणि वारा तिच्या उघड्या भांगावर लागत होता. पावडरची डबी बॅगेत होती. नाशिक येईपर्यंत तिने ती काढली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही काढली नाही. ओपीडीत उज्वला मॅडमनी तिच्याकडे एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, आणि एवढंच म्हणाल्या, “औषध सुरू कर. दुसऱ्यांना लिहून देतेस ना?”

त्याच शनिवारी ती इगतपुरीला गेली. वडिलांसमोर पाटावर बसली आणि डोकं पुढे केलं. शेखररावांचा चेहरा पडला. “माझंच गेलं का गं तुझ्याकडे?”

“फक्त तुमचं नाही बाबा. आईच्या आत्याचंही असंच होतं, आईनेच आज सांगितलं. अर्धा-अर्धा वाटा.”

शेखरराव उठून आत गेले. मग आतून खोबरेलाची बाटली घेऊन आले आणि म्हणाले, “मग ये इकडे. चमकवायचं कसं ते तरी शिकवतो.” आई स्वयंपाकघरातून ओरडली, “पोरीला काहीही शिकवू नका!” आणि तिघंही हसत सुटली.

नामपूरची बातमी बायकांनी स्वतः पसरवली. पुढच्या रविवारी आरोही पुन्हा खळ्यावर गेली तेव्हा सटाण्याहून लंकाबाईच्या नणंदा आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी कुणाच्या बहिणी, कुणाच्या सुना. काही थेट नाशिकला ओपीडीत यायला लागल्या. दारातूनच म्हणायच्या, “लंकाबाईने पाठवलंय,” आणि खुर्चीत बसण्याआधी पदर खाली घ्यायच्या. मॅडमनी दिलेला दीड महिना संपायला चार दिवस बाकी असताना आरोहीने शंभरावा फॉर्म मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तो उलटसुलट करून बघितला, बाईच्या नावापुढचा अंगठा बघितला, आणि शिपायाला पेढे आणायला पाठवलं. विभागातल्या कुणीही त्यांना याआधी पेढे आणवताना पाहिलं नव्हतं.

प्रबंध वेळेवर गेला आणि पासही झाला.

मार्च महिन्यात औषध लावणाऱ्या बायकांची फेरतपासणी होती. फकिरा टेम्पोत गाद्या टाकून सोळा बायकांना नाशिकला घेऊन आला. औषध फक्त अकरा जणी लावत होत्या, पण नाशिक बघायला सोळा निघाल्या होत्या. नवसाबाईचा भांग खरोखर थोडा अरुंद झाला होता. भिंगाखाली बारीक बारीक नवे केस दिसत होते. अक्काबाईचे तसेच होते, पण गळणं थांबलं होतं. लोहाच्या गोळ्यांनी दोघींच्या चेहऱ्यावर रंग आला होता. आरोहीने स्वतःचंही डोकं त्यांना दाखवलं. सगळ्यांनी बोटं आडवी लावून मोजलं आणि पाऊण बोट असा निकाल दिला.

तपासणी झाल्यावर ती सगळ्यांना गंगापूर रोडला मिसळ खायला घेऊन गेली. झाडाखाली लांब बाकं होती. ताटात मिसळ, पाव, पापड, दही, वर जिलेबी. रस्सा इतका झणझणीत की फकिराच्या टकलावर घामाचे थेंब उभे राहिले आणि बायका बोटं दाखवून हसल्या. त्याने रक्तदाबाची गोळी सगळ्यांसमोर ऐटीत घेतली.

लंकाबाई दुसरी जिलेबी खात होती. बोटं चाटून ती आरोहीकडे वळली.

“ते डोक्याचं झालं तुझं. आता एक सांग. बसून बसून आम्हा सगळ्यांचे गुडघे गेलेत. त्या गुडघ्यांचा अभ्यास तुमच्यात कोन करतं?”

बाकावरच्या पंधरा बायकांनी एकदम माना डोलावल्या.

“करतात ना, मावशी. हाडांच्या विभागात करतात.”

“त्यायला किती बाया लागत्यात?”

आरोहीला हसू आवरेना. हाडांच्या विभागात शिकणारा ललित गेले चार महिने गुडघ्यांच्या प्रबंधासाठी माणसं शोधत फिरत होता. तिने तिथेच बाकावर बसून त्याला फोन लावला.